पंचविसावं नाव

।। श्री अंबाबाई प्रसन्न ।।

गडमुडशिंगी
५ नोव्हेंबर २०२५, त्रिपुरी पौर्णिमा

जोती,

अक्काचा आशीर्वाद. घ्यायचा की नाही ते तू ठरव, मी दिला.

तू माझा फोन उचलत नाहीस. मोनाला केला की ती म्हणते, "ते बाहेर गेल्यात अक्का," आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. बायकोला खोटं बोलायला लावू नको, तिला जमत नाही. म्हणून पत्र लिहिते. कागद पाठकोरा आहे. मागं गेल्या हंगामाच्या टीमची यादी आहे, तिकडं लक्ष देऊ नको. एक बाजू कोरी असताना कागद टाकणं माझ्याच्यानं होत नाही.

कामाचं आधी लिहिते. आपल्या भैरोबा तालमीच्या फुटबॉल टीमला तू पाहिजे आहेस. खेळायला.

हसू नको. परवा तालमीत मीटिंग झाली. मी बाहेरच्या खोलीत मंडळाच्या वह्या घेऊन बसले होते, त्यामुळं सगळं कानावर पडलं. टीमचा डिफेन्स पार ढिला झाला आहे. एक स्टॉपर घोटा मोडून घरी बसला, दुसऱ्याला पुण्यात नोकरी लागली. उरला एकटा ऋतुराज. एकवीस वर्षांचा आहे, अंगात ताकद आहे, पण चेंडू दिसला की जागा सोडून धावतो आणि मागं सगळं रान मोकळं. एवढा लांब हंगाम त्याच्या एकट्यावर निघायचा नाही. तेव्हा तुझ्या दाजींनी तुझं नाव काढलं.

मग केरबा म्हणाले, "सेक्रेटरी, अडतीस वर्सांचा गडी घिऊन काय लोणचं घालायचं काय?"

हे म्हणाले, "घालूया की. मागं मुरलेलाच लागतोय."

"आणि त्यो त्या पेठंत गेलता, त्ये विसरला व्हय?"

"न्हाय विसरलो. तिकडनं खेळताना त्यानं आपल्याला एक गोल मारू दिला न्हाय, त्ये बी न्हाय विसरलो. पंधरा मिंटं खेळला तरी पुरं. बाकीच्या येळंला बाकावर बसून पोरास्नी कुठं हुबं ऱ्हायाचं तेवढं सांगंल."

हात वर करून मत घेतलं. केरबांचा हात सगळ्यांत शेवटी आणि कानापर्यंतच वर गेला, पण गेला.

नऊ वर्षांपूर्वी तू पलीकडच्या पेठेच्या टीमला सही दिलीस, तेव्हा तू जर्सी विकलीस असं सगळे म्हणाले. मी म्हटलं नव्हतं. त्यांनी तुला पतसंस्थेत शिपाई म्हणून घेतलं, आपल्या तालमीनं बारा वर्षांत नारळ आणि टॉवेल दिला. हे मी तेव्हाही बोलत होते. पण घरात बोलत होते, उंबऱ्याबाहेर नाही. आबा गेले त्या वेळचं मी या पत्रात काढत नाही.

दाजी फोन करतील. त्यांचा तरी उचल. तुझा हा शेवटचाच हंगाम असणार, तो आपल्या तालमीच्या अंगरख्यात व्हावा असं मला फार वाटतं. देवीला काय बोलले आहे ते विचारू नको, सांगितलं की जातं.

मोनाला आशीर्वाद.

तुझी
निशाअक्का


।। श्री अंबाबाई प्रसन्न ।।

गडमुडशिंगी
१० नोव्हेंबर २०२५

जोती,

काल पहाटेची पहिली गाडी धरून आलास, सराव करून परत गेलास. घरी आला नाहीस. त्याचं मी काही म्हणत नाही. दाजींनी सगळं सांगितलं आणि मी ते दोनदा सांगायला लावलं.

तालमीच्या दारात केरबा उभे होते. "काय पावणं, वाट चुकला काय?" म्हणाले. ज्या माणसानं तुला लहानपणी खांद्यावर बसवून मॅच दाखवल्या त्यानं तुला पावणं म्हणावं! मी असते तर तिथंच रडले असते. तू म्हणालास, "चुकलो व्हतो. सापडाया नऊ वर्सं लागली." आणि केरबा हसले म्हणे. यांनी मिशीवर हात ठेवून दाखवलं ते कसे हसले ते.

मग मैदानावर ऋतुराजच्या जर्सीचं टोक धरून तू त्याच्या मागं उभा राहिलास. तो चेंडूकडं निघाला की मागं ओढायचास. "आदी मागं कोण हाय बघ, मग फुडं पळ." पोरगं चिडलं, दहाव्यांदा ओढल्यावर आपोआप मागं बघायला लागलं. हे मला सांगताना हे स्वतः खुर्ची सोडून उठले आणि स्वयंपाकघरात माझ्या पदराचं टोक धरून दाखवायला लागले. किती दिवसांनी त्यांना असं पाहिलं.

जाताना तू काय म्हणालास ते मात्र जेवण झाल्यावर सांगितलं. "दाजी, फळ्यावर माझं नाव न्हवतं. यादीत तरी घालशिला न्हवं?"

मी काढणार नव्हते, तू काढलंस, तर लिहिते. आबा गेले त्या दिवशी चौकात तालमीनं श्रद्धांजलीचा फळा लावला. तालमीचे जुने गोलकीपर म्हणून आबांचं नाव मोठ्या अक्षरांत, खाली शोकाकुल म्हणून यांचं, माझं, पुतण्यांचं, सगळ्या मंडळाचं. पोटच्या मुलाचं नाही. मजकूर केरबांनी सांगितला. यांनी वाचला आणि गप्प राहिले. मीही वाचला होता जोती. मला वाटलं, पुरुषांच्या तालमीचा फळा, आपण काय बोलायचं. तू स्मशानातून परत येताना त्याच्यासमोर थांबलास, वरपासून खालपर्यंत वाचलास आणि तेरावं झाल्यावर नोकरी सोडून गडहिंग्लजला सासरी निघून गेलास. तुझं काय चुकलं?

काल यांनी तुला शब्द दिला आहे, "तुजं नाव मी सोताच्या हातानं घालतो." यांच्या तोंडातून शब्द कमी निघतात, पण निघाला की राहतो.

आता कामाचं. फुटबॉल असोसिएशनच्या नोंदणीचा फॉर्म तू नेला आहेसच. खाडाखोड करू नको, जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणं लिही. दोन फोटो आणि तिथल्या क्लबचं ना हरकत पत्र जोड, त्याच्याशिवाय घेत नाहीत. वीस तारीख संध्याकाळी पाच ही मुदत आहे. पाकीट एसटीच्या कंडक्टरकडं दे, स्टँडवरून मी घेईन. मंडळाचे कागद अकरा वर्षं मीच लावते, तुझा काय हरवते होय?

तुझी
निशाअक्का


।। श्री अंबाबाई प्रसन्न ।।

गडमुडशिंगी
२३ नोव्हेंबर २०२५

जोती,

काय लिहावं कळत नाही. पत्र लहानच आहे.

यादी शुक्रवारी सकाळी तालमीच्या ग्रुपवर आली. चोवीस नावं. तुला ती कोणी पाठवली माहीत नाही. तुझा फोन आला तेव्हा हे दाढी करत होते, म्हणून स्पीकरवर टाकला आणि मीही ऐकलं. "दाजी, दुसऱ्यांदा." एवढं बोलून तू ठेवलास. हे तोंडाला साबण तसाच ठेवून बराच वेळ आरशासमोर उभे होते.

तुझं पाकीट बुधवारी दुपारी मला स्टँडवर मिळालं. कागद सगळे नीट होते, अक्षरही चांगलं काढलं होतंस. पुढं ते गडबडीत राहिलं. असोसिएशनमध्ये या वर्षीपासून सगळं कॉम्प्युटरवर आहे. पूर्वीसारखं वहीत लिहीत नाहीत. पाचला ते आपोआप बंद होतं. हे शुक्रवारी तिथं जाऊन हात जोडून उभे राहिले. क्लार्क म्हणाला, "काका, मला बटनच दिसत न्हाई, दाबू कुठलं?" त्याचाही दोष नाही.

पाकीट नंतर कपाटात फायलीच्या मागं सापडलं.

यात दाजींचा काही डाव नाही. तू तसं मनात आणू नको. ते सगळ्यांना सांगत आहेत की माझ्याकडून राहिलं, मी नावं मोजली नाहीत. ते म्हणतात तर तसंच असेल.

भाकरी तव्यावर आहे. थांबते.

निशाअक्का


।। श्री अंबाबाई प्रसन्न ।।

गडमुडशिंगी
१८ डिसेंबर २०२५, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार

जोती,

तुझ्याकडून काही नाही. मीही पंचवीस दिवस लिहिलं नाही.

आज व्रताचं उद्यापन केलं. पाच सुवासिनी बोलावल्या, केळी आणि पोथी दिली. या वर्षी पोथी वाचताना मध्येच माझी ओळ चुकत होती. चारही गुरुवार चुकली.

हंगाम सुरू झाला हे तुला कळलंच असेल. पहिली मॅच कशीबशी बरोबरीत सुटली, दुसरी तीन गोलनं गेली. तिसऱ्या गोलच्या वेळी ऋतुराज पुन्हा चेंडूमागं गेला. मधेच त्याला आठवलं, थांबून मागं वळून बघितलं, तोवर त्यांचा माणूस एकटाच गोलसमोर होता. मॅच संपल्यावर पोरगं मैदानातच बसलं. हे सांगत होते, ते सारखं बाकाकडं बघत होतं. बाकावर त्याला सांगणारं कोणी नव्हतं.

तिथून बाहेर पडताना पेठेतल्या पोरांनी यांना घेरलं. "सेक्रेटरी, मेव्हण्याचा फॉर्म कुठं ठेवलासा? गादीखाली काय?" यांनी मान खाली घातली. रविवारी राजीनामा लिहून दिला. लिहून दिला म्हणजे मलाच लिहायला लावला. "माझ्या निष्काळजीपणामुळं" असा शब्द त्यांनी सांगितला आणि मी तो माझ्या अक्षरात लिहिला. खाली सही त्यांची.

तालमीत आता जात नाहीत. कामावरून आले की गच्चीवर कुंड्यांना पाणी घालतात. दोन-दोनदा घालतात. परवा तुळस कुजली.

मोनाचा फोन आला होता. तू बूट शाळेतल्या पोरांना देऊन टाकलेस म्हणाली. आता खेळायचं नाव काढत नाहीस, तिथल्या क्लबनं परत बोलावलं तरी गेला नाहीस. सांगताना रडत होती. मी म्हटलं, "रडू नको, होईल नीट." कसं होणार ते तिनंही विचारलं नाही.

वरच्या बाजूला चार ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या आहेत. उजेडात धरून वाचू नको.

निशाअक्का


गडमुडशिंगी
१६ जानेवारी २०२६

जोती,

आज वर देवीचं नाव लिहिलं नाही. हात धजला नाही.

फॉर्म हे विसरले नाहीत. तो माझ्यापाशी होता.

बुधवारी, एकोणीस तारखेला, मी आधी अंबाबाईला जाऊन मग स्टँडवर गेले आणि पाकीट घेतलं. घरी येऊन कॅलेंडर बघितलं तर सकाळी पावणेदहापासून अमावस्या लागलेली. ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. तुला आठवत नसेल, मला आठवतं: नऊ वर्षांपूर्वी तू त्या पेठेला सही दिलीस तो दिवस सर्वपित्री अमावस्येचा होता. मी तेव्हा आबांना म्हटलं होतं, आज नको म्हणावं त्याला. त्याच वर्षी माघात आबा गेले. तू घर सोडलंस. लोक म्हणोत काय म्हणायचं ते, मी ते तारखेलाच धरलं होतं. इतकी वर्षं तसंच धरून आहे. म्हणून माझ्या मनानं घेतलं की या वेळी तुझा कागद अमावस्येला जाऊ द्यायचा नाही. शुक्रवार होता पुढं, देवीचा वार आणि मार्गशीर्षाची प्रतिपदा. त्याच्याइतका चांगला दिवस कुठला?

मुदत गुरुवारची आहे हे मला माहीत होतं. तू म्हणशील, मग? जोती, अकरा वर्षांत असोसिएशननं मुदत एक दिवस वाढवून दिली नाही असं एकदाही झालं नाही. दर वर्षी कोणाचे ना कोणाचे फॉर्म राहतात, विनंती अर्ज जातो आणि घेतात. तो अर्जसुद्धा मीच लिहिते. मजकूर मला तोंडपाठ आहे. कॉम्प्युटरचं परिपत्रक मी वाचलं होतं, फायलीला लावलं होतं. मला वाटलं वहीच्या जागी कॉम्प्युटर आला, माणसं तीच आहेत.

पाकिटाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं आणि देवीच्या तसबिरीमागं ठेवलं. संध्याकाळी यांनी विचारलं, "जोतीचं पाकीट आलं काय?" मी म्हटलं, "आलं. फायलीत ठेवलंय." देवघरात उभी राहून बोलले. त्यांनी फाईल उघडून बघितली नाही. मी ठेवलं म्हटल्यावर ते कधीच बघत नाहीत.

गुरुवारी ते फाईल घेऊन गेले. दुपारी अमावस्या संपली होती, तरी मी उठले नाही. दिवस शुक्रवारचाच धरायचा असं ठरवलं होतं ना. शुक्रवारी पहाटे न्हाऊन नारळ फोडला. पाकीट त्यांच्या हातात देणार आणि म्हणणार, अर्ज लिहून ठेवलाय, आज घेऊन जा, असं सगळं मनात मांडून ठेवलं होतं. तेवढ्यात ग्रुपवर यादी आली, मग तुझा फोन आला. हे असोसिएशनकडं गेले आणि मी पाकीट तसबिरीमागून काढून कपाटात फायलीच्या जागेमागं सरकवलं. संध्याकाळी मीच म्हटलं, "इथं बघा, मागं पडलंय." आणि तुला लिहिलं की सापडलं.

आठ आठवडे मी हे पोटात ठेवलं. भीती तुझी वाटली नाही तेवढी यांची वाटली. अकरा वर्षं ज्यानं डोळे झाकून माझ्या हातच्या कागदावर सही केली, त्याला काय सांगू?

सांगायला लागलं ते असं. भोगीच्या दिवशी पेठेत शालूबाईंकडं गेले होते. बायका जमल्या होत्या. शालूबाई सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुजा मालक दिसतोय गरीब, पर मेव्हण्याचा काटा बरोबर काढला बघ! नऊ वर्सं थांबला पर काढला. असा गडी पायजे." बाकीच्या हसल्या. कौतुक करत होत्या त्या. पोरं शिव्या देत होती ते मला सोसलं होतं. हे सोसलं नाही.

घरी आले तर हे गच्चीवर होते. मी पायरीवर उभी राहूनच सगळं सांगितलं. ते पाणी घालत राहिले. मग म्हणाले, "मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. पाकिटाला कुंकू व्हतं. कपाटात पडलेल्या कागदाला कुंकू कुठनं लागंल?"

"मग बोलला का नाहीत हो?"

"त्येचा माज्यावर नऊ वर्सांचा राग हाय. त्यात आनी थोडा. तुज्यावर नवा कशाला?" मग झारी खाली ठेवून म्हणाले, "फळ्याच्या येळंला बोलायचं तर गप बसलो. आता गप बसायचं व्हतं तर बसलो."

एवढं बोलून मला म्हणाले, चहा टाक.

तुझा शेवटचा हंगाम मी घालवला. तुझ्या चांगल्यासाठी केलं असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर तू माफ करायला बांधला जाशील. कर असं मी मागत नाही. माझ्याशी बोलू नको, दारात येऊ नको, बहीण नाही असं धर. फक्त दाजींशी बोल. दुसऱ्यांदा नाव त्यांनी गाळलं नाही. आणि पहिल्या वेळचं ते अजून फेडत आहेत.

हे पत्र कालच लिहायला हवं होतं. काल करिदिन होता म्हणून आज लिहिते. बघ, अजून सुटत नाही माझं.

निशा


गडमुडशिंगी
२ फेब्रुवारी २०२६

जोती,

तू काल आलास ते मी पाहिलं.

मी बायकांच्या बाजूला वरच्या पायरीवर होते. तू खालच्या गेटमधून आलास, उजवा पाय जरा ओढत चालतोस आता. हे भिंतीकडेला एकटेच बसले होते. तू जाऊन शेजारी बसलास. आधी दोघंही समोरच बघत होता. मग यांनी शेंगदाण्याची पुडी तुझ्यापुढं धरली आणि तू घेतलीस. पुढची मॅच मी बघितली नाही, तुम्हालाच बघत होते.

घरी आल्यावर मी यांना विचारलं, काय बोलला? म्हणाले, "ऋतुराजबद्दल. डावीकडनं त्येला दिसतच न्हाय म्हणतोय जोती. मान कमी वळतीया." पूर्ण वेळ तेवढंच बोललात म्हणे. मध्यंतरात तू कठड्यापाशी जाऊन ऋतुराजला हाक मारलीस आणि हातानं काहीतरी दाखवलंस. दुसऱ्या अर्ध्यात गोल झाला नाही. एक-शून्यनं जिंकलो. नोंदणी नसलेल्या माणसाला कठड्यावरून सांगायला बंदी नाही, हे मी नियमात बघून ठेवलं आहे.

मंडळाच्या वह्या आणि फाईल मी गेल्या आठवड्यात तालमीत नेऊन दिल्या. कोणी मागितल्या नव्हत्या. तिथं सगळ्यांसमोर सांगितलं काय झालं ते. कोणी ओरडलं नाही. केरबा म्हणाले, "वैनी, कागदाला कशाला मुहूर्त बघायचा?" आणि टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. यांना परत सेक्रेटरी व्हा म्हणत आहेत. हे नको म्हणाले.

मॅच सुटल्यावर तू यांच्या पाया पडलास. उठलास तेव्हा बायकांच्या पायऱ्यांकडं तोंड होतं तुझं. मी उभी होते. तू गेटकडं वळलास. साडेपाचची गडहिंग्लज गाडी असते, ती गाठायची असेल.

यांनी मला तुझा निरोप काही सांगितला नाही. नव्हताच. मी पत्रात जेवढं मागितलं होतं तेवढं तू दिलंस, त्याच्यावर मी काही बोलणार नाही.

डबा करून आणला होता. दोन भाकरी, भरलं वांगं, खर्डा. पिशवीत होता, तसाच परत आला. संध्याकाळी गरम करून आम्ही दोघांनी खाल्ला, टाकवत नाही. खर्डा तुझ्या तोंडाचा तिखट केला होता. यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी खात राहिले. कोणासाठी केला होतास, असं काही त्यांनी विचारलं नाही.

निशा